पुनाचं दुसरं बारसं

पहिलीच्या पोरांना कसं शिकवावं, हे अख्ख्या खानदेशात एकट्या मला कळतं, असं सत्त्याऐंशी सालापर्यंत माझं ठाम मत होतं! धुळ्याहून डी.एड. होऊन ताजी ताजी आले होते आणि चोपड्याजवळच्या एका गावात नेमणूक मिळाली होती. मुख्याध्यापक झुलाल गुरुजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "सुनंदाबाई, गावात भानगड होईल असं काही शिकवू नका."

पहिलीच्या वर्गात कसली आलीय भानगड! मी पोरांना शब्द फोडायला शिकवायचं ठरवलं. लिहिण्याआधी कानानं! शब्द तोडत तोडत बोलायचा आणि प्रत्येक तुकड्याला एक टाळी. के-ळी, दोन टाळ्या. प-प-ई, तीन टाळ्या. पोरांनी असा दणका लावला की शेजारच्या वर्गातून गुरुजी भजन सुरू झालं की काय म्हणून डोकावून गेले.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण हुशारी स्वस्थ बसू देते का? मी जाहीर केलं, "आपापलं नाव फोडा. जितक्या टाळ्या, तितके शेंगदाणे!"

चुडामण उठला. चु-डा-मण. तीन दाणे. शहजादी उठली. शह-जा-दी. तीन दाणे. मग उठला पुना. शर्टाला बटण नाही, पण हसणं वर्गात सगळ्यात मोठं. पु-ना. दोन दाणे.

त्यानं स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं, मग चुडामणच्या. पुन्हा टाळ्या वाजवून पाहिल्या. आधी हळू, मग जोरात. दोनच! आणि त्यानं असं भोकाड पसरलं, की भुसावळ जंक्शनात एखाद्या इंजिनाची शिट्टी अडकून बसावी!

"नियम म्हणजे नियम," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुना आला नाही. पदर खोचून त्याची आजी आली, बेबाबाई.

"बाई, मना नातूनी काय पाप करं? बठ्ठास्ले तीन दाना, आनि त्याले दोन?"

"आजी, त्याच्या नावात तुकडेच दोन आहेत हो."

"म्हंजे मना नातूनं नाव तोकडं शे?"

"तोकडं नाही हो, आटोपशीर!"

झालं! चुलीत रॉकेल ओतावं तशी आजी भडकली. "पुनवले जलमना म्हनीसन पुना नाव ठेवं! शाळामा नाव मोजीसन दाना देतस, हाई म्हाईत ऱ्हातं ते गावभर पुरी इतलं लांब ठेवतू!"

तेवढ्यात दारात उखर्डूभाऊ उभे. चुडामणचे वडील. हातात मुलाची पाटी.

"बाई, पाटीवर चार अक्षरं. पोऱ्याच्या मुठीत तीन दाने. एक कुठी गेला?"

"भाऊ, लिहिताना चार, पण बोलताना शेवटची दोन जोडून येतात. चु, डा, मण!"

"मण?" उखर्डूभाऊंचे डोळे विस्फारले. "मण म्हंजे चाळीस शेर! चाळीस शेराला एकच दाना?"

मी शेंगदाण्यांची पिशवीच उघडून पुढे धरली. मी घाईघाईनं म्हणाले, "उद्यापासून सगळ्यांना सारखे! मूठ मूठ दाणे!" उखर्डूभाऊ खूश होऊन गेले. बेबाबाई हलल्या नाहीत.

"आते दानानी गोट नही. आते नावनी गोट शे! पुना शाळाले येवाव नही. त्याले मामाना गावले धाडी देसू."

चार दिवस पुनाची जागा रिकामी राहिली. वर्गात कुणी हसेना. शहजादीनं विचारलं, "बाई, पुना को कब बुलाना?" झुलाल गुरुजी रोज हजेरीपट उघडून पुनाच्या गैरहजेरीवर बोट ठेवायचे. ते फार वाईट! शेवटी मी शाळा सुटल्यावर थेट बेबाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले.

"आजी, काहीही करा, पण पोराला पाठवा."

"मंग नाव बदली टाकसूत. लांब सांगा एखादं."

मी मोठ्या विद्वत्तेनं सुचवलं, "पुरुषोत्तम!"

आजीनं स्वतः टाळ्या वाजवल्या. "पु-रु-षोत्-तम. चार! चुडामनना वर गयं!" आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. "बारसं करसूत. तुम्ही बी येवा!"

सहा वर्षांच्या पोराचं बारसं! गल्लीतल्या बाया नटूनथटून आल्या. पाळण्यात पुना मावेना. एक पाय या बाजूला, दुसरा त्या बाजूला, जणू सायकलच्या कॅरिअरला बांधलेला केळीचा घड! आत्या कानात "कुर्रर्र" करायला वाकली, तर याला गुदगुल्या झाल्या. तो जो उसळला, त्यासरशी कडाड्कन दोरी तुटली आणि चिरंजीव पुरुषोत्तम थेट घुगऱ्यांच्या पातेल्यात!

"लागलं का रे?" मी किंचाळले.

"नही बाई," तोंडात घुगऱ्या भरत तो म्हणाला. बायांनी पदर तोंडात कोंबले.

दुसऱ्या दिवशी पुना वर्गात हजर. मी छाती फुगवून हजेरी घेतली. "पुरुषोत्तम!"

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"पुरुषोत्तम!"

पुनानं मागे वळून पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग उभा राहून प्रामाणिकपणे म्हणाला, "बाई, नवा पोऱ्या आज येयेल नही!"

"अरे, तो तूच!"

बिचाऱ्यानं प्रयत्न केला. "पु... रु... सो..." पुढे गाडी चिखलात रुतावी तशी जीभ रुतली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच रुतला. शेवटी घाम पुसत म्हणाला, "बाई, माले दोनच दाना द्या. मी पुनाच बरा शे."

त्याच क्षणी खिडकीतून बेबाबाईंचा खणखणीत आवाज आला. "ओ पुन्याऽऽ! भाकर भुली गया ना रे!"

मी धावत खिडकीशी गेले. "आजी, पुरुषोत्तम म्हणा ना! एवढं बारसं केलंत!"

"ते शाळाना करता शे, बाई. घरमा इतलं लांब कोन बोली? जीव शे का काय!" असं म्हणत त्यांनी गजांतून फडक्यात बांधलेली दुसरी भाकरी माझ्या हातात कोंबली. "आनि हाई तुनाकरता. खाई ले, नंदे!"

नंदे! धुळ्याची डी.एड., सुनंदाबाई, पाच टाळ्यांची बाई, आजीनं उभ्या उभ्या दोनावर आणून ठेवली! मी काही बोलणार, तोच मागून सगळ्या वर्गानं एका सुरात टाळ्या वाजवल्या.

"नं-दे!"

सगळ्यात जोरात पुनानं. आणि खरं सांगते, एकाचंही मोजमाप चुकलं नव्हतं!