चहाला घरी या

केदारची वकिली अमरावतीत घराच्या पुढच्याच खोलीत चालते, त्यामुळे अनुपमा एकोणीस वर्षं पक्षकारांना चहा करते आहे. या हिवाळ्यात मात्र तिने बजावलं, दोन दिवस मी कुणाही परक्या माणसासाठी गॅस पेटवणार नाही, आणि पेटवावा लागला तर तुझ्या पक्षकारांचा चहा कायमचा बंद. केदार घाबरला. त्याने लगेच शब्द दिला आणि नागपूरहून मोटरहोम भाड्याने आणली. आत पलंग, बेसिन, छोटी शेगडी. घरच चाकांवर असलं तर घरी येणार कोण, असा त्याचा बिनतोड युक्तिवाद होता.

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे ते आडरस्त्याला लागले. दोन्हीकडे तुरी उभ्या, माणूस दिसेना. एका कडुनिंबाखाली गाडी लावून अनुपमाने पाय पसरले आणि तिला फार बरं वाटलं. तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून पुंजाराम नावाचे शेतकरी आले. गाडीत अख्खं घर आहे हे ऐकून ते हरखले. केदारने कौतुकाने पलंग दाखवला, बेसिन दाखवलं, आणि निरोप घेताना सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "या एकदा चहाला घरी."

अमरावतीत असं म्हटलं की समोरचा 'येऊ, येऊ' म्हणत निघून जातो. पुंजाराम अर्ध्या तासात आले, कारण घर समोरच होतं. स्वच्छ धोतर नेसून आले. बरोबर बायको दुर्गाबाई, पुतण्या नितेश आणि चार शेजारी. मोटरहोमच्या पायरीशी चपलांची रांग लागली.

"वकीलसायबानं घरी बोलावलं," पुंजाराम म्हणाले, "मंग एकट्यानं कसं यावं?"

अनुपमाने केदारकडे पाहिलं आणि हाताची घडी घातली. शेगडी केदारनेच पेटवली. पहिल्याच फेरीत दूध संपलं तेव्हा तो मनातून सुखावला, पण दुर्गाबाईंनी नितेशला घरी पिटाळलं. तो किटलीभर दूध घेऊन आला आणि 'दूध कुठे चाललं' असं वाटेत ज्यांनी विचारलं त्यांनाही घेऊन आला. आता पाहुण्यांच्याच घरचं दूध, त्याचा चहा त्यांना नको कसा म्हणणार? कप चारच होते. केदार चार कप द्यायचा, चार विसळायचा. टाकीतलं पाणी संपलं, तर पुंजारामांनी विहिरीवरून भरून दिलं.

दुर्गाबाई मात्र अस्वस्थ होत्या. "बाई, तुमी काहून उभ्या?" त्या अनुपमाला म्हणाल्या. "चाला आमच्या घरी. इथं सायेब करून राहिले न चहा." अनुपमा लगेच त्यांच्याबरोबर निघाली.

पाचव्या फेरीनंतर केदारने गाडीला कुलूप लावलं आणि बायकोला घेऊन पळ काढायच्या बेताने तो पुंजारामांच्या घरी पोचला. अनुपमा अंगणात बाजेवर लोळत उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होती. तिला कुणी उठूच देत नव्हतं.

"चल, दुसरी शांत जागा बघू," तो कुजबुजला.

"मला इथंच शांत वाटतंय," ती म्हणाली. "तू शब्द पाळलास हं, मी गॅसला हात लावला नाही. आता उद्यापर्यंत राहू. यांच्या बचत गटाच्या अठराजणी सकाळी आपलं घर बघायला येतायत. मीच बोलावलंय, चहाला."

केदार बाजेच्या कडेवर मटकन बसला.

"तुमच्या हातचा चहा लय झकास होते, सायेब," दुर्गाबाई म्हणाल्या. "दुधाचं टेन्शन घेऊ नका. आमी आनतो."