सोमवारी फुटणारी गुपितं

"लिहून घे," ह्युबर्ट अंकल म्हणाले. "विजयदुर्ग ते रेडी या संपूर्ण किनारपट्टीवर, भरतीला आणि ओहोटीला, ज्याच्या नजरेतून एकही गुन्हेगार, गुन्हा अथवा गुन्ह्याची शक्यता सुटत नाही, असा एकमेव खाजगी गुप्तहेर. एस. टी. मधील एकतीस वर्षांच्या कंडक्टरकीत प्रवाशाचा चेहरा पाहून तो कुठल्या स्टॉपला उतरणार, हे तिकीट फाडण्यापूर्वीच ओळखले."

मी लिहून घेतलं. माझं नाव रसिका. बाजारात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. त्यातला एक कोपरा, एक खुर्ची आणि माझा निम्मा जीव ह्युबर्ट अंकलनी निवृत्तीनंतर ताब्यात घेतला. आधी त्यांनी मला सहायक नेमलं आणि मग विचारलं, चालेल ना. वरचा मजकूर एका पाटीत मावेना म्हणून दोन पाट्या केल्या. त्या लावताना वापरलेली शिडी आम्हाला अजून सापडलेली नाही.

तर अशा या कार्यालयात एका मंगळवारी विश्राम सर आले.

विश्राम सर म्हणजे पक्षाचे तालुकाध्यक्ष. पक्षाचं नाव सांगत नाही. तुम्ही हे वाचेपर्यंत ते, किंवा चिन्ह, किंवा दोन्ही बदललेलं असायचं. सर पूर्वी हायस्कूलला भूगोल शिकवायचे, मलाही होते. वर्गात दोन मुलं भांडली की सर दोघांनाही "बघू" म्हणायचे. राजकारणात गेल्यावरही त्यांनी अभ्यासक्रम बदलला नाही. पक्षात दोन गट. कट्टा गावच्या गटाचा पुढारी सर्वेश, खडी क्रशरवाला. मालवणच्या बंदर गटाचा मितेश. पर्यटकांना समुद्रात बुडवून परत वर काढायचा त्याचा धंदा. कट्टेवाले मालवणात जायला तयार नाहीत आणि बंदरवाले कट्ट्याला, म्हणून तालुका कार्यालय आमच्या अधल्यामधल्या गावात आलं. गावाचा विकास असाही होतो.

"रसिका, दार लाव गो," सर म्हणाले आणि बसले. "ह्युबर्ट, माझी मोठी पंचाईत झाली हा. पंचायत समितीची उमेदवारी जाहीर करूची आसा. सर्वेशाक तेचो मेवणो उभो करूचो आसा, मितेशाक तेची वहिनी. दोघंय येगयेगळे येतत, दार लावन घेतत आणि धमकी देतत. माझा ऐक, नायतर चाळीस जण घेवन पक्ष सोडतंय! ता मी कोणाक म्हणजे कोणाक सांगणंय नाय. पण सोमवार दुपारपर्यंत सर्वेशाची गोष्ट मितेशाक म्हायत, आणि मितेशाची सर्वेशाक. मगे चाळीसाचे साठ होतत."

"तुम्ही त्यांना काय उत्तर देता?" मी विचारलं.

"बघू म्हणतंय."

तेरा दिवसांनी, सोमवारी, जिल्ह्याचे निरीक्षक येणार होते. ज्या अध्यक्षाच्या पोटात गोष्ट राहत नाही, त्याला पदावर ठेवून उपयोग काय, असं त्यांनी फोनवर ऐकवलं होतं. तोवर फितूर सापडला नाही तर सरांचा राजीनामा. मग सर्वेश किंवा मितेश. जो येईल तो आधी दुसऱ्याची माणसं हाकलणार आणि मग उरलेल्यांतली.

"पद जाऊदे," सर म्हणाले, "पण तीस वर्सां बांधलेला घर असा दोघांनी वाटून घेतलेला बघवणा नाय माका." त्यांचा आवाज बारीक झाला. मला वाईट वाटलं. मार्क कमी देणारे मास्तर असे समोर बसलेले बरे दिसत नाहीत.

ह्युबर्ट अंकल उठून उभे राहिले. घरी आणि बाजारात ते मालवणी बोलतात. तर्क करताना मात्र त्यांना प्रमाण मराठी चढते.

"गुपित हे प्रवाशासारखे असते. कुठेतरी चढते, कुठेतरी उतरते. मला फक्त स्टॉप शोधायचा आहे."

पहिला स्टॉप म्हणजे पक्ष कार्यालयातला पंखा. तो कटकट आवाज करत होता, आणि अंकलच्या मते ती सांकेतिक भाषा होती. पंखा उतरवला, उघडला. आत कुंभारीण माशीची दोन मातीची घरटी निघाली. परत बसवल्यावर एक पातं हातात उरलं. पंखा आता दोन पात्यांवर फिरतो आणि त्याच्याखाली कोणी बसत नाही, त्यामुळे बैठका लवकर आटपतात. पक्षाचा तेवढा फायदा झाला.

दुसरा तर्क अधिक खोल होता. "गुपित सोमवारीच का फुटते? सोमवारी काय बंद असते? सलून! नाभिक सुट्टीच्या दिवशी मोकळा असतो. आठवडाभर सर त्याच्या खुर्चीत बसून मन मोकळे करतात, आणि सोमवारी तो..." चार दिवस आम्ही सलूनसमोर उभे राहिलो. पाचव्या दिवशी मी अंकलच्या लक्षात आणून दिलं की सरांच्या डोक्यावर एकही केस नाही आणि दाढी ते घरी करतात.

"तेच तर," अंकल म्हणाले. "मग सलूनवाला इतका निर्धास्त का?"

मधला सोमवार उजाडला. शेवटचा उपाय म्हणून आम्ही सरांच्याच पाळतीवर राहिलो. माझ्या वहीत नोंदी आहेत. सहा दहा, सर अंगणात. सात वाजता घावणे, चटणी. साडेआठ, देऊळ, मी आत, अंकल बाहेर पारावर. संशयास्पद काही नाही. सव्वानऊ, कार्यालय. आणि अकराच्या ठोक्याला मितेश कार्यालयात येऊन ओरडला, "सर्वेशाच्या मेवण्याचे पोस्टर छापूक गेले म्हणे!" ही गोष्ट सर्वेशने शनिवारी सरांना एकट्याला सांगितली होती.

"सव्वानऊ ते अकरा," अंकलनी डोळे मिटले. "या काळात कार्यालयात कोण कोण होते?"

एकच व्यक्ती होती. लीलाकाकी.

लीलाकाकी पक्षात अठरा वर्षं आहेत. सभा कोणाचीही असो, सतरंज्या अंथरायच्या लीलाकाकींनी आणि उचलायच्याही त्यांनीच. गट पडले तेव्हा दोन्ही गटांनी पक्षाची खुर्च्यांसकट वाटणी मागितली. लीलाकाकींना कोणी मागितलं नाही. मतदार यादीतलं घरन् घर त्यांना पाठ आहे, कोणाची आई आजारी, कोणाचं रेशनकार्ड अडलं. निवडणुकीत अशा माहितीला फार किंमत असते, माणसाला नसते.

अंकलनी सरांसमोर, अगदी कोर्टासारखं, बोट दाखवलं. "चहाचा ट्रे हे केवळ निमित्त! बंद दाराआड प्रवेश असलेली एकमेव व्यक्ती आपण आहात!"

लीलाकाकी कपबश्या विसळत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले. "माझ्यार संशय?" एवढंच म्हणाल्या आणि सरांकडे बघत राहिल्या.

सर म्हणाले, "बघू."

काकींनी कमरेची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि त्या गेल्या. मला सरांचा राग आला, खराखुरा. ह्युबर्ट अंकल मूर्ख आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्यांचं कोणी मनावर घेत नाही. पण जे अठरा वर्षं त्या बाईच्या हातचा चहा प्यायले, त्यांना एक "नाही" म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसिंता आंटी दुकानात शिरली. आंटी म्हणजे ह्युबर्ट अंकलची बायको. ती घरच्या भट्टीत पाव भाजते आणि देवळासमोरच्या तिठ्यावर टोपली घेऊन विकायला बसते.

"खंय आसा तो गुप्तहेर? लीलाक फितूर ठरवलंस? तुका लाज नाय?"

"जेसिंता, कार्यालयीन कामकाजात..."

"शिरा पडो तुज्या कामकाजार! बातमी खंयसून फुटता ता माझ्याकडे पाव घेवक येणाऱ्या पोरांक पण म्हायत आसा. भोंग्यातसून फुटता!"

आता हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे देवाला नुसते हात जोडून भागत नाही, गाऱ्हाणं घालावं लागतं. आपली अडचण हळूच गुरवाच्या कानात सांगायची. गुरव ती खड्या आवाजात देवापुढे मांडतो आणि जमलेले सगळे दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. विश्राम सर तीस वर्षं दर सोमवारी न चुकता गाऱ्हाणं घालतात. गेल्या जत्रेपासून देवळात माईक आला आणि शिखराशेजारी भोंगा. भोंग्यावर पिवळ्या रंगात लिहिलंय, "तालुकाध्यक्ष विश्राम सर यांजकडून देवचरणी अर्पण."

"काल काय म्हणलो शिवा गुरव?" आंटी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "'बा देवा म्हाराजा, कट्ट्याचो सर्वेश तुज्या लेकराक इचारल्याशिवाय मेवण्याचे पोस्टर छापूक गेलो, तेका बुद्धी दी म्हाराजा!' आणि तुमी सगळी, 'व्हय म्हाराजा!' तू पण होतंस मां रसिका?"

मी होते. डोळे मिटून, हात जोडून, मी पाच वेळा मोठ्यांदा होकार दिला होता, आणि मनात अडकलेल्या सातबाऱ्यांचा हिशेब चालू होता. गुरव काय बोलतो हे ऐकायचं असतं, हेच कोणाला ठाऊक नाही. होकार तेवढा द्यायचा असतो. सगळ्या तिठ्यावर तो होकार न देणारी एकटी जेसिंता आंटी, म्हणून तिला सगळं ऐकू आलं. नऊ वाजता दोन्ही गटांची पोरं तिच्याकडे पाव घ्यायला येतात आणि विचारतात, "आंटी, आज गुरव काय म्हणलो गो?" ती सांगते. देवाच्या भोंग्यावरून सांगितलेली गोष्ट गुपित असेल, असं तिला का वाटावं?

"पण अंकल, तुम्ही तर भोंग्याच्या खाली पारावर होतात," मी म्हटलं.

"त्या आवाजाने चिंतनात खंड पडतो," अंकल म्हणाले. "मी कानात कापूस घातला होता."

आंटी जाता जाता थांबली. "आणि एक सांगू? दर सोमवारी शेवटाक एकच वाक्य आसता. 'लीलाक उभी करूची माझ्या मनात आसा म्हाराजा, पण धीर होणा नाय, माका धीर दी.' ता कोणीच माका इचारणा नाय. तेच्यात सर्वेशाचा नाव नाय, मितेशाचा नाय. आणि लीला तेवा ऑफिसात झाडू मारीत आसता."

दुपारी अंकलनी सरांना उलगडा सांगितला. तो आपण सलग अठ्ठेचाळीस तास विचार करून काढला, असं ते म्हणाले. शेवटचं वाक्य त्यांनी गाळलं, कारण त्यात गुन्हा नव्हता. ते मी सांगितलं.

सरांच्या टकलापर्यंत लाली चढली. "सगळ्या बाजारान ऐकला? आजच भोंगो काढून टाकतंय."

"नको सर," मी म्हटलं. शाळा सोडल्यापासून सरांना नको म्हणायची माझी ही पहिली वेळ. "भोंगा राहू द्या. ते 'बघू' तेवढं काढून टाका."

सरांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि ते एकटेच लीलाकाकींच्या घराकडे चालत गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. काकी संध्याकाळी कार्यालयात परत आल्या, डोळे सुजलेले होते.

निरीक्षक आले त्या सोमवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. भक्ती अचानक वाढली होती; दोन्ही गट जीप भरभरून आले होते. निरीक्षक घाटावरचे, त्यांना ही बैठकीची प्रार्थना वाटली. सर पुढे झाले आणि शिवा गुरवाच्या कानाला लागले. शिवाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि भोंग्यावरून सगळ्या बाजाराला ऐकू आलं, "नक्की मां, सर?"

सरांनी मान हलवली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पक्षात दोन तोंडां झाली, घर फुटाची पाळी इली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"म्हणान तुज्या लेकरान आज तुज्या साक्षीन लीलाक उमेदवारी दिल्यान आसा, तिका जो कोण आडो येयत तेचो तू बघून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज सर्वेश आणि मितेशचा होता. मग सर्वेशचे डोळे उघडले. मग मितेशचे. निरीक्षकांनी वहीत लिहिलं, "उमेदवारीचा ठराव सर्वानुमते मंजूर. कार्यकर्त्यांचा उत्साह वाखाणण्याजोगा."

दुसऱ्या दिवशी पक्षात ऐक्य झालं. सर्वेश आणि मितेश इतिहासात प्रथमच एका गाडीतून आले आणि सरांसमोर शेजारी शेजारी बसले. आम्ही अहवाल द्यायला गेलो होतो, ते कोपऱ्यातच राहिलो. पंखा बंद होता. लीलाकाकी दारात उभ्या होत्या.

"सर, ता नाव मागे घेवा," सर्वेश म्हणाला. "नायतर आमी दोघंय शंभर माणसां घेवन जातो."

मी सरांच्या तोंडाकडे पाहत होते. तो एक शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला.

"घेतंय," सर म्हणाले. "पण देवासमोर दिलेला नाव आसा. परत घेवचा तर देवाक सांगूक होया. पुढच्या सोमवारी गाऱ्हाणा घालतंय. कोणाच्या सांगण्यावरून घेतंय, तेंची नावां घेवन."

"मिया खंय म्हटलंय," सर्वेश म्हणाला. "मितेश म्हणलो."

"मी? तू माका गाडीत घातलंस!"

"चहा टाकू?" लीलाकाकींनी विचारलं. दोघंही चहासाठीच आले होते, असं दोघांनीही एकदम सांगितलं. चहा होईपर्यंत मात्र थांबले नाहीत.

ह्युबर्ट अंकल माझ्या कानाशी वाकले. "रसिका, नीट बघ. मघापासून सरांचे दोन्ही हात टेबलाखाली आहेत. हा माणूस काहीतरी लपवतो आहे."

मी पेन पाडलं आणि उचलायला खाली वाकले. सरांचे दोन्ही गुडघे लटलट कापत होते आणि ते सर्वेश-मितेशना दिसू नयेत म्हणून दोन्ही हातांनी घातलेली घट्ट पकड सरांनी अजून सोडली नव्हती.

अंकलचा आयुष्यातला तो पहिला बरोबर निघालेला तर्क. पण अहवालात मी तो लिहिला नाही.