आण्णांचं बिनकिल्लीचं कपाट

आमच्या साखर कारखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये शिरायचं तर आधी नाव सांगावं लागे. रहिमतपूरहून रोज एसटीने येणारे आण्णा तिथले रेकॉर्ड कीपर. पंचवीस वर्षं रोज समोर दिसणाऱ्या माणसालाही ते चष्म्यावरून बघून विचारत, "कोण?"

"आवं आण्णा, वळखत न्हाई व्हय?"

"वळखतो की. पन कोण ते सांगा."

एकदा सख्खा मेव्हणा जतहून आला, तर त्यालाही नाव, गाव आणि काम सांगितल्यावरच चहा मिळाला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि ते सांभाळायला मी आलो. सगळ्यांच्या फायली एका सर्व्हरवर ठेवायच्या आणि ज्याने त्याने आपलं नाव, पासवर्ड घालून आपल्या टेबलावरून उघडायच्या, अशी माझी योजना. लोकांनी दोन दिवसांत तिची वाट लावली. शेती खात्यातला गडी व्हरांड्यातून ओरडे, "माझा पासवर्ड काय रं?" आणि पलीकडून उत्तरही येई.

आण्णा मात्र लय खूश. "ह्ये यंत्र आपल्या वळणाचं हाय. सायेब असू दे न्हाईतर शिपाई, आदी इचारतं, कोण?" दर महिन्याला पासवर्ड बदलायचा माझा नियम पाळणारे आम्ही दोघंच. खोलीत मी एकटा असलो तरी आण्णा एका हाताने कीबोर्डवर टोपी धरत आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने पासवर्ड घालत.

सर्व्हरवर प्रत्येकाला स्वतःचा एक कप्पा होता. आण्णा त्याला कपाट म्हणत. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "सायेब, ह्या कपाटाची दुसरी किल्ली कुणाकडं?"

"माझ्याकडे. पण मी बघणार नाही."

"बगू नगा. घरात सगळं सुनेचं सामान हाय. माजी म्हणून एक फळी बी न्हाई."

मला ती गंमत वाटली, मी हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते. त्यानंतर रोज दुपारी भाकरी आटोपली की आण्णा पंधरा मिनिटं कीबोर्डवर काहीतरी बडवत बसत.

मग ते निवृत्त झाले. हार, नारळ झाला. रेकॉर्ड रूमच्या सगळ्या किल्ल्या त्यांनी एकेक दाखवून परत केल्या. या कपाटाची किल्ली डोक्यात होती, ती कुणी मागितली नाही. गेलेल्या माणसाचं खातं बंद करून कप्पा पुसायचा, हाही माझाच नियम. आत एकच लहानशी फाईल होती. शब्द दिला होता म्हणून न बघता पुसली आणि वर स्वतःवरच खूश झालो.

दोन महिन्यांनी दारात कुणीतरी खाकरलं. मी मान खाली घालूनच विचारलं, "कोण?"

आण्णांना केवढा आनंद झाला! त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग म्हणाले, "काम आसं, की माजं कपाट उगडायचं हाय."

मी खरं ते सांगितलं. बॅकअपच्या टेपवरही दर आठवड्याला जुन्यावरच नवं लिहिलं जायचं, त्यामुळे तिथेही काही उरलं नव्हतं. आण्णा खुर्चीवर बसले.

"मंडळी जाऊन तीन वर्सं झाली. जतची ती. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची, पोरं हसायची. तिचे शब्द आठवतील तसं लिवून ठेवत हुतो. आता डोक्यात ऱ्हात न्हाई वो."

त्यातला एक तरी शब्द त्यांना सांगावा असं फार वाटलं. पण मी पाहिलेच नव्हते. फ्लॉपीवर उतरवून द्यायला दोन मिनिटं लागली असती. त्याआधी एकदा त्यांना विचारायला हवं होतं, एवढंच.

"चुकलं आण्णा," मी म्हणालो.

"नियम म्हंजे नियम. मी बी त्येच केलं असतं." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी त्यांचं खातं पुन्हा उघडून दिलं. आण्णांनी टोपी धरली, पासवर्ड घातला. कपाट रिकामं होतं. त्यांनी एका बोटाने सावकाश काहीतरी लिहिलं.

"ह्यो एक हाय अजून," म्हणाले.

मी तोंड खिडकीकडे केलं. आण्णा परत कधी आले नाहीत. मी तिथे होतो तोवर ते खातं बंद केलं नाही, आणि तो शब्द काय होता तेही पाहिलं नाही.