नाना विधात्यांची पुढची सीट

नाना विधात्यांच्या अँबॅसिडरमध्ये माणसाला बसायला जागा नसे. गाडी तशी ऐसपैस, पांढरीशुभ्र. देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त फौजी साहेबाकडून घेतलेली, आणि त्या साहेबानं ती जिवापाड जपलेली. नानांनी ती घरी आणली, नानींनी हळदकुंकू लावून तिला ओवाळलं, आणि दुसऱ्याच दिवशी नानांनी पाना घेऊन मागची अख्खी सीट उचकटून गोठ्यात नेऊन ठेवली. तिच्यावर पुढे त्यांचा म्हातारा कुत्रा राजासारखा झोपत असे. रिकाम्या झालेल्या जागेत झेंडूच्या पाट्या, डिकीत शेवंती, आणि पुढे नानांच्या शेजारच्या सीटवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले गुलाब. पंचवटीतल्या फूलबाजारात ती गाडी शिरली की आधी वास यायचा आणि मग हॉर्न.

मखमलाबाद रोडला नानांच्या मळ्यात दोन खोल्या होत्या, त्यात मी भाड्यानं राहायचो आणि शहरातल्या एका हायस्कुलात हिंदी शिकवायचो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आजूबाजूच्या मळ्यांत बंगले उगवायला लागले होते, पण नानांच्या मळ्यात अजून झेंडूच उगवत होता. मला गाडीचा फारसा उपयोग झाला नाही. नानींना तर त्याहून नाही. त्यांचं माहेर येवल्याचं. दारात अँबॅसिडर उभी असताना त्या पिशवी काखोटीला मारून एसटीनं माहेरी जात. कुणी काही बोललं की नानांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मानूस उद्या बी जाईल. फुलाला थांब म्हनता येत नाय."

हे एवढंच असतं तर नाना फक्त चिकट माळी म्हणून प्रसिद्ध झाले असते. पण ते गाडीत एकटेच बोलायचे. रोज पहाटे मळ्यातून निघाले की बाजार येईपर्यंत तोंडाची टकळी चालू. चौकातल्या चहावाल्यानं पाहिलं, दूधवाल्यानं पाहिलं, हळूहळू साऱ्या गावाला ठाऊक झालं. घरी हाच माणूस दिवसभरात चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन बैलाला.

एकदा मला पहाटेची गाडी पकडायची होती. नाना म्हणाले, "चला सर, सोडतो." मी पुढचं दार उघडायला गेलो तर म्हणाले, "तिथं गुलाब हायेत. मागं बसा." मागे म्हणजे झेंडूत. मी पाट्यांच्या मधे उकिडवा बसलो. गाडी रस्त्याला लागली आणि नाना मोकळ्या आवाजात म्हणाले, "ऐकलं का." मी म्हटलं, "हं, बोला नाना." त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला नाय," म्हणाले, आणि स्टेशन येईपर्यंत ओठ शिवल्यासारखे गप्प. मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये रंगवून सांगितली. बायकोला म्हणावं तसं गुलाबांना 'ऐकलं का' म्हणणारा माळी आमच्या शाळेत बरेच दिवस गाजला.

नानींच्या कानावर हे सगळं होतंच. एक दिवस निवडत बसलेली मेथी बाजूला सारून त्या मला म्हणाल्या, "सर, मला सोनंनाणं नको. एक दिवस गाडीत त्यांच्या शेजारी बसायचं हाय. फुलांशी बोलत्यात तसं माझ्याशी बोलावं, दिवसभर. घरात येत्यात तर ताटाकडं बघून जेवत्यात." म्हणताना त्या हसत होत्या, पण हातातली काडी त्यांनी उगाच बारीक बारीक मोडली. त्यांना झेंडूचा चक्क मत्सर वाटत होता.

तो दिवस उगवला तो थेट अंदमानात. नानांची लेक मंगल हिचा नवरा फौजेत. देवळालीहून त्याची बदली पोर्ट ब्लेअरला झाली आणि मंगलनं हट्टच धरला. लक्ष्मीपूजन झालं, फुलाचा भाव उतरला, माझ्या दिवाळीच्या सुट्टीचा एक आठवडा शिल्लक होता. मला दुभाषी म्हणून सोबत घेतलं गेलं, कारण नानांचं हिंदी मुळात मराठीच होतं, फक्त मोठ्यानं बोललेलं. निघताना नानींनी नवऱ्याला देवासमोर उभं केलं आणि अट घातली. तिकडं एक दिवस गाडीनं फिरायचं, दोघांनी शेजारी बसून. त्या दिवशी कोणाला फुलाचा भाव विचारायचा नाही. आणि संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडताना बघायचा. "जल्मभर सूर्य बुडताना मी झेंडू तोडीत वाकलेली," म्हणाल्या. "एकदा ताठ उभं राहून बघायचाय." नानांनी मान डोलावली. शब्द तिथेही खर्चला नाही.

जावयानं ठरवलेली गाडी दारात आली, ती पांढरी अँबॅसिडर. नानांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला, मग मागचं दार उघडून आत वाकून पाहिलं. "शीट हाय हिला," म्हणाले. नानी पदर सावरत त्या सीटवर बसल्या, दोन्ही हातांनी तिचं रेक्झिन चाचपलं आणि शेजारची जागा झटकून नवऱ्यासाठी ठेवली. मी पुढे, ड्रायव्हर मुरुगनच्या शेजारी. मंगल तान्ह्या पोराला कडेवर घेऊन हात हलवत राहिली.

त्या बेटावर काय पाहिलं हे मला आजही नीट सांगता येत नाही, आणि मी तर बोलून पोट भरणारा माणूस. गाव मागे पडलं आणि रस्ता रानात शिरला. आपल्याकडे झाड म्हणजे ज्याच्या बुंध्याला चार माणसांनी वेढा घातला की मोठं. तिथं झाडाच्या मुळांच्या भिंती माणसाच्या डोक्याच्या वर, आणि शेंडा गाडीच्या खिडकीतून दिसतच नाही. नानी खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत राहिल्या, शेवटी मुरुगननं गाडीच उभी केली. तिघं खाली उतरलो. कुठलासा पक्षी ओरडला आणि थांबला. आपण कुणाच्या तरी घरात न विचारता आलोय असं मला वाटलं. नानांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

मग वंडूरला समुद्र दिसला. विमानातून आणि लांबून दिसला तेवढाच, इतक्या जवळून नानींनी समुद्र कधी पाहिला नव्हता, नानांनीही नाही. पाणी काठाला काचेसारखं, थोडं आत हिरवं, आणि त्याच्यापलीकडे जो निळा होता त्याला मराठीत शब्द असेल असं मला वाटत नाही, हिंदीत तर नाहीच, मी आठवून पाहिलं. नानी गुडघाभर पाण्यात गेल्या, ओंजळ भरून सूर्याला अर्घ्य दिलं, उरलेलं तोंडाला लावलं आणि थुंकल्या. "येवढं मोठं अन् खारट," म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वळून नवऱ्याकडे पाहिलं. नाना वाळूत उभे, तोंड उघडं.

एक अक्षर बोलले नाहीत. गाडीत बसल्यापासून बोलले नव्हते. गाडीत नानी विचारत होत्या, "अहो, हे झाड कशाचं?" "अहो, भाताला इथं पाणी कुठून?" नाना कधी मान हलवत, कधी बोट दाखवत. नानींच्या अंगाला अंग लागू नये असे दाराला चिकटून बसलेले, लग्नाच्या वरातीत बसतात तसे. मुरुगननं मला हळूच विचारलं, "साहब बोलते नहीं क्या?" मी म्हटलं, नाशिकला बोलतात. दुपारी मासळी आणि भाताच्या खाणावळीत आम्ही भात-वरण जेवलो, तेव्हा नानींनीही विचारणं सोडून दिलं होतं. त्या बाहेर पाहत होत्या, पण मघासारखं मान काढून नाही.

परतीच्या वाटेवर झेंडू लागला. बंगालहून येऊन वसलेल्या लोकांचं एक खेडं, सुपारीच्या झाडांच्या आडोशाला केशरी पट्टा. नानांनी मुरुगनच्या खांद्यावर थाप मारली. गाडी थांबली. "भाव इचारणार नाय," नानींकडे न बघता म्हणाले आणि उतरून गेले. गाडी निघाल्यापासूनचं ते पहिलं वाक्य.

भाव त्यांनी खरंच विचारला नाही. शेताचा मालक लुंगीतला म्हातारा होता. नानांना बंगाली येत नव्हतं, त्याला मराठी. नाना एका सरीत बसले आणि सुकलेलं फूल चिमटीनं खुडलं. म्हातारा पलीकडच्या सरीत बसला. दोघं खुडत पुढे सरकत राहिले. मुरुगन म्हणाला, "सर, चिड़िया टापू जाना है तो जल्दी." सूर्य बुडताना बघायचा तर तीच जागा. मी बांधावरून नानांना हाक मारली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "अजून लय टाइम हाय," म्हणाले. "कार्तिकात सूर्य सहाला बुडतो." पंचवीस वर्षं रोज तिन्हीसांजेला फुलं तोडणारा माणूस सांगत होता, मी कशाला वाद घालू. नानींनीही मान डोलावली. सूर्याच्या बाबतीत त्यांचा नवऱ्यावर विश्वास होता.

पण तो सूर्य मखमलाबादचा. घड्याळ साऱ्या देशात एकच, आणि अंदमान कुठल्या कुठे पूर्वेला. तिथं नाशिकपेक्षा तासभर आधी दिवस मावळतो, हे मुरुगनला सांगायची गरज वाटली नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. रानातून गाडी धावत असतानाच झाडांखालचा उजेड विझायला लागला. नाना पुन्हा पुन्हा घड्याळ कानाला लावत होते. चिडियाटापूला पोचलो तेव्हा माणसं परत निघाली होती.

किनाऱ्यावर एक भलं मोठं खोड आडवं पडलं होतं. नानी त्याच्यावर हात टेकून, पाठ ताठ करून उभ्या राहिल्या. समोर पाण्यावर नुसता राखाडी उजेड.

"गेला का?" त्यांनी विचारलं.

"गेला," मी म्हटलं.

"असू द्या. रोजच जातो." आवाज साधाच होता, पण त्यांनी पदर तोंडावरून फिरवला. उद्या सकाळी आमचं विमान होतं.

नाना थोडे लांब उभे होते. घड्याळ मनगटावरून काढून मुठीत धरलेलं. इतका पडलेला चेहरा मी भाव कोसळल्यावरही पाहिला नव्हता. ते माझ्याजवळ आले. "सर, त्याला सांगा, थोडी गाडी मला चालवू द्या म्हनावं. हिला पुढं बसवतो."

मी आठवीच्या पुस्तकातलं सगळं हिंदी पणाला लावलं. कृपया म्हटलं, अनुरोध म्हटलं, वृद्ध दंपती म्हटलं. मुरुगन हसला आणि किल्ली नानांच्या हातावर ठेवून मागे माझ्याशेजारी येऊन बसला. नानी पुढच्या सीटवर चढल्या. नानांनी त्यांच्या पदराचं टोक दारात अडकत नाही ना ते पाहून दार लावलं, वळसा घालून आले, गिअर टाकला. बाहेर आता मिट्ट काळोख, दिव्यात दिसेल तेवढाच रस्ता. मळ्यातून पहाटे निघताना असतो तसा.

पहिलं वळण गेलं आणि नाना मोकळ्या आवाजात म्हणाले, "ऐकलं का."

मी सीटवर पुढे सरकून बसलो.

"आज समुद्र पायला," नाना समोर रस्त्याकडे बघत सांगत होते. "येवढा मोठा. काठाला पानी असं, की पाय दिसत्यात आपले. अन् झाडं पायली. मनात आलं, ह्याला कोनी पानी घातलं आसंल?"

"मी बी व्हते की संगं," नानी म्हणाल्या.

"व्हतीस. पन मी सांगतो."

नानी त्यांच्याकडे वळून बसल्या. मग म्हणाल्या, "सांगा."

आणि नानांनी सांगितलं. लुंगीवाल्या म्हाताऱ्याची माती कशी, सुपारीची सावली कशी, अर्घ्य देऊन हसताना तुझ्या डोळ्यांत पानी आलं ते मी पायलं. मग कधीची तरी जुनी गोष्ट, मंगल झाली त्या दिवशी बाजारात फुलं कशी फुकट वाटून टाकली. नानी म्हणाल्या, "हे मला कधी नाय सांगितलं." नाना म्हणाले, "सांगितलं की. तवाच, गाडीत." नानी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "शीटवर गुलाब काय उगं ठेवतो मी?" नाना म्हणाले. "नाय तर कोनी बी येऊन बसंल तिथं. ती शीट तुझी हाय." पोर्ट ब्लेअरचे दिवे दिसायला लागेपर्यंत ते बोलत होते, आणि सबंध वाट नानी हुंकार देत होत्या. मुरुगन अवाक होऊन माझ्याकडे पाही. मला भाषांतर करता आलं नाही.

नाशिकला आल्यावर नानी काही दिवस पहाटे बाजाराला त्यांच्याबरोबर गेल्या, मांडीवर गुलाबांचं गोणपाट घेऊन. मग कंटाळल्या. "एवढ्या पहाटे कोन उठतंय," म्हणाल्या. "अन् बोलत्यात बी किती." मागची सीट गोठ्यातच राहिली, कारण कुत्र्यानं ती सोडली नाही.

पुढच्या सुट्टीत मला पुन्हा पहाटेची गाडी पकडायची होती. नाना म्हणाले, "चला सर, सोडतो." त्या दिवशी गुलाब तोडले नव्हते आणि पुढची सीट रिकामी होती. मी आपणहून मागचं दार उघडलं आणि झेंडूत उकिडवा बसलो. मळ्याचं फाटक मागे पडलं, गाडी रस्त्याला लागली.

"ऐकलं का," नाना म्हणाले.

मी पाटीला धरून गप्प बसलो.