कुमानं दिलेल्या जुळ्या डिस्क

मंगळवारी सकाळी सर्बियातल्या क्रुशेवात्स शहरात, तिहोमिरच्या जमीनमोजणी कार्यालयात सर्व्हरची एक हार्ड डिस्क मेली, आणि दुसरी टिकटिक करू लागली.

मोजणीचं काम करणाऱ्या विदोसावानं सर्व्हरला कान लावला. एकोणीस वर्षांचे नकाशे आता त्या टिकटिकणाऱ्या डिस्कवर उभे होते. निम्मे तिनं स्वतः चिखलात उभं राहून मोजलेले. बाहेर काढून ठेवलेली शेवटची नक्कल दीड वर्षापूर्वीची. म्हणजे हीही गेली तर दीड वर्षाचं काम पहिल्यापासून: तीच शेतं, तेच कुत्रे, आणि 'माझा बांध इथं नव्हताच' म्हणणारे तेच म्हातारे.

"मालक, दोन डिस्क घेऊ," ती म्हणाली. "दोन्हींवर एकच मजकूर राहील, एक गेली तरी दुसरी असेल. पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हव्यात. एकाच खोक्यातल्या घेतल्या तर सोबतच जन्मलेल्या, सोबतच राबलेल्या, आणि जातातही सोबतच."

"कुठून घ्यायच्या ते ठरलेलं आहे," तिहोमिर म्हणाला. "कुम असताना बाजारात फिरायला मी काय अनाथ आहे?"

कुम म्हणजे धर्मविधीनं जोडलेला सोयरा, आणि तिहोमिरचा कुम होता देसिमिर. तिहोमिरच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, त्याच्या दोन्ही मुलांची बाप्तिस्म्यात नावं ठेवलेला, आणि योगायोगानं बाजारपेठेत कॉम्प्युटरचं दुकान असलेला. सख्ख्या भावाशी दहा वर्षं अबोला धरता येतो. कुमाशी दहा मिनिटंही नाही.

दुपारी देसिमिर स्वतः आला. सगळ्यांदेखत त्यानं सीलबंद खोकं फोडलं आणि दोन डिस्क टेबलावर ठेवल्या.

"कुमासाठी कोरं खोकं!" तो म्हणाला. "आजवर कुणाचा हात लागलेला नाही."

विदोसावानं क्रमांक वाचले. एकाचा शेवट एक्केचाळीसनं होत होता, दुसऱ्याचा बेचाळीसनं. तिनं मालकाकडे पाहिलं. मालकानं डोळे असे वटारले की ती म्हणाली, "फारच सुंदर."

देसिमिर जिना उतरल्यावर ती म्हणाली, "मालक, या जुळ्या बहिणी आहेत. यातली एक तरी परत द्या."

"कुमाची वस्तू परत? त्यापेक्षा त्याच्या थोबाडीत मारून येतो, ते सोपं आहे."

"माझे दोन मामा जुळे होते," हिशेब पाहणाऱ्या ल्युबिंकामावशी म्हणाल्या. "एक गेल्यावर दुसऱ्यानं अकरा वर्षं काढली. वर तिसरं लग्न केलं."

"मावशी, मामा डिस्कसारखे चोवीस तास फिरत नव्हते."

"मामीला विचार."

विदोसावाला कळत होतं, की निदान या डिस्क बसवून नक्कल तरी काढून घ्यावी. पण एकदा बसवलेली कुमाची डिस्क काढणं म्हणजे दिवाणखान्यातून त्याचा फोटो उतरवणं. मग दोन्ही जुळ्या कायमच्या गळ्यात. म्हणून तिनं गुपचूप बेलग्रेडच्या एका दुकानातून दुसऱ्या कंपनीची एक डिस्क मागवली. कुरिअरवाला ऑफिसात येऊन दवंडी पिटेल, या भीतीनं तिनं 'जवळच्या विक्रेत्याकडून घेईन' असा पर्याय निवडला. दोन-तीन दिवस काढायचे होते, इतकंच.

संध्याकाळी देसिमिरचा फोन आला. "बसल्या का?"

"केबल आखूड पडते हो," विदोसावा म्हणाली. दहा मिनिटांत केबल आली.

बुधवारी ती म्हणाली, "स्क्रू बसत नाहीत." देसिमिरनं डबाभर स्क्रू पाठवले. गुरुवारी तिला कारण सुचेना. "आत फार गरम होतंय," ती म्हणाली, आणि तासाभरात देसिमिर भलामोठा पंखा घेऊन हजर झाला.

पंखा सुरू होताच मावशींनी मानेला शाल गुंडाळली. "झोत लागतोय! उद्या माझी मान वाकडी झाली तर?" त्यांनी पंखा बंद केला, खिडकी लावली आणि वर दारही ओढून घेतलं. खोली भट्टीसारखी तापली. टिकटिक आता बाहेरच्या व्हरांड्यातही ऐकू येऊ लागली.

"विदा, ही जुनी डिस्क मरायला टेकलीय," तिहोमिर म्हणाला. "कुमाच्या बसवायला तुला मुहूर्त हवाय का?"

"उद्या. नक्की उद्या."

शुक्रवारी सकाळी जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. देसिमिर आत आला. हातात एक छोटं पार्सल होतं आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"बेलग्रेडहून आलंय," तो म्हणाला. "त्यांचा क्रुशेवात्समधला विक्रेता मीच. नाव आहे विदोसावाचं. आत डिस्क आहे."

ल्युबिंकामावशींनी छातीवर क्रूस काढला. तिहोमिरचा चेहरा बिटासारखा लाल झाला. "कुम, शपथेवर सांगतो, मला यातलं काही ठाऊक नव्हतं! ही मुलगी..."

"हो, मीच मागवली," विदोसावा म्हणाली. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. "तुम्ही दिलेल्या दोन्ही एकाच खोक्यातल्या आहेत. रागावलात तरी चालेल. पण हे नकाशे गेले तर पुन्हा चिखलात मला उभं राहायचंय, तुम्हाला नाही."

देसिमिर खुर्चीत बसला. पार्सल त्यानं मांडीवर ठेवलं.

"माझ्या दुकानात मी काय लावलंय माहितेय?" तो म्हणाला. "दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क. शाळेला देतो त्याही तशाच. परक्या गिऱ्हाइकाला मी एका खोक्यातल्या दोन कधीच देत नाही."

"मग आम्हाला का दिल्यास?" तिहोमिर ओरडला.

"तुझ्यासमोर दोन वेगळ्या खोक्यांतल्या ठेवल्या असत्या, तर तू काय म्हणाला असतास? 'कुमानं उरलंसुरलं आणून दिलं.' मानासाठी कोरं खोकं फोडलं. तीन रात्री झोप नाही. रोज फोन करत होतो ते काय हौसेनं? म्हटलं, ही पोरगी शहाणी दिसते, एकदा तरी म्हणेल की एक बदलून द्या. तर ही मागते स्क्रू!"

ल्युबिंकामावशींनी शालीत तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते.

बेलग्रेडची एक आणि कुमाची एक, अशा दोन डिस्क देसिमिरनं स्वतःच्या हातानं बसवल्या. उरलेली जुळी बहीण परत नेणार का, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. त्यानं ती खिशात टाकली. नक्कल सुरू झाली. सगळे पडद्यापुढे बसले. सत्तर टक्क्यांवर जुनी डिस्क घरघरली, तेव्हा तिहोमिर चक्क तिला चुचकारू लागला. दुपारी चारला शेवटचा नकाशा नव्या जागी पोचला. विदोसावानं तो उघडला, बांध न् बांध मोजून पाहिला, आणि तिसऱ्या मिनिटाला जुनी डिस्क कायमची गप्प झाली.

तिहोमिरनं कपाटातून फळांपासून घरी गाळलेली राकिया काढली, चार पेले भरले आणि देसिमिरला मिठी मारली.

"आजपासून आपल्यात आडपडदा नाही, कुम. जे असेल ते तोंडावर. आता सांग, ही माझ्या हातची राकिया. खरंखरं सांग, कशी झालीय?"

देसिमिरनं घोट घेतला. डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं आणि विदोसावाकडे पाहिलं. तिनं घाईघाईनं नकाशात डोकं घातलं.

"कुम," तो म्हणाला, "एका दिवसाला एक खरं पुरे."