आबांचा रणगाडा

योगेशने यंदाही सासऱ्यांना शर्टपीसच दिला असता, तर पुढचं काही झालं नसतं. पण आबांची पंचाहत्तरी होती. या वेळी आपल्या हाताने केलेलं काहीतरी द्यायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. (मनापासून केलेली गोष्ट त्याला आजवर लाभलेली नाही. पण खोड कुठे जाते?)

आबा म्हणजे सावळीराम, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, मुक्काम देवळाली कॅम्प. दर रविवारी योगेश आणि हर्षाली नाशिकरोडहून त्यांच्याकडे जेवायला जात. हात धुतले की आबा एकाहत्तरच्या लढाईची गोष्ट काढत. योगेश भिंतीला टेकून डोळे अर्धवट मिटून "हो ना", "बाप रे", "मग?" असं आलटून पालटून म्हणत राही. आठ वर्षं हे सुरळीत चाललं होतं. जावई ऐकून घेतो हो, असं सासूबाई शेजारणींना सांगत.

योगेशला प्लास्टिकचे छोटे रणगाडे जोडायचा नाद होता. आबा लढाईत होते, लढाईत रणगाडे असतात, म्हणजे रणगाडाच द्यायचा. एका व्हिडिओत त्याने पाहिलं, की चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून चिलखतावर खरबरीत लेप देत आणि त्यावर रेघा ओढत. असा लेप दुसऱ्या महायुद्धातल्या मोजक्याच जर्मन रणगाड्यांवर असे, हेही त्यात पुढे सांगितलं होतं, पण योगेशने व्हिडिओ अर्धाच पाहिला.

गळक्या पाइपला लावतात ती पुटी मळून त्याने वीतभर रणगाड्यावर थापली. रेघांसाठी हर्षालीचं शंकरपाळ्यांचं कातणं फिरवलं. रेघा झकास उठल्या, मात्र पुटी कातण्याच्या चाकात बसली ती कायमचीच. हर्षालीने चाक फिरवून पाहिलं आणि आईने लग्नात दिलं होतं, एवढंच म्हणाली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

रणगाडा कोणासाठी, हे त्याने तिलाही सांगितलं नाही. गच्चीवर नागलीचं पीठ पसरून वाळवंट केलं, उदबत्तीचा धूर सोडला आणि पालथं पडून अठ्ठ्याऐंशी फोटो काढले. त्यातला एक मोठा करून फ्रेम केला. खाली सोनेरी अक्षरांत 'आबांचा रणगाडा'.

पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळून झालं. कॅम्पातले दोन जुने सोबती आले होते. योगेशने स्वतः कागद फाडून फ्रेम आबांच्या हातात दिली. आबांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. सोबत्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघंही जिलेबीकडे पाहू लागले. हर्षालीने कपाळाला हात लावला.

"काम सुबक आहे," आबा म्हणाले. "पण जावईबापू, मी तोफखान्यात होतो. रणगाडे समोरच्यांचे होते."

"हो ना," योगेशच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

पाहुणे गेल्यावर तो ओट्यावर आबांशेजारी जाऊन बसला. त्याला स्वतःची फार लाज वाटत होती. आठ वर्षं हा माणूस त्याच्यापुढे जीव मोकळा करत होता आणि त्याला त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं. चुकलं म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणाला.

"मोतीराम म्हणून दोस्त होता माझा," आबांनी सुरुवात केली. मग त्यांनी योगेशच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते थांबले.

"राहू द्या. तुम्ही ऐकत नाही, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून तर सांगता येत होतं. असं टक लावून बघणाऱ्यापुढे त्याचं नाव घेतलं की घसा दाटतो."

पुढच्या रविवारी योगेश मोबाइल घरी ठेवून आबांसमोर ताठ बसला. आबांनी त्याला चांदवडच्या कांद्याचा भाव सांगितला, मग यंदाच्या थंडीचं सांगितलं. नंतर उठून ते धाकट्या जावयाजवळ, सार्थकजवळ, जाऊन बसले. लग्नाला चार महिने झालेला सार्थक मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

योगेश पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरला आणि दाराला कान लावून उभा राहिला. बाहेर आबा हळू आवाजात मोतीरामचं सांगत होते. योगेशचे डोळे भरून आले. त्याने नाक ओढलं.

"आवाज करू नका," आत भांडी आवरणारी हर्षाली कुजबुजली. "तुम्ही ऐकताय हे कळलं, तर त्यांना सांगायला या घरात कोणीच उरणार नाही."