सुराजूची दुरुस्ती

लागोसच्या मुशिन भागातलं आईचं घर कुणी परस्पर विकू नये म्हणून लानरे शोनेयेने फोनवरूनच रंगारी धाडला आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

लागोसात मालक चर्चला गेला की मागे त्याचं घर विकून मोकळे होणारे महाभाग आहेत. त्यांच्यावर इलाज एकच. भिंतीवर लाल रंगात लिहायचं : 'हे घर विकायचे नाही. भामट्यांपासून सावधान!' आई त्यासाठी केव्हाची मागे लागली होती.

"अरे, स्वतः येऊन लिहून घे की! बापाने बांधलेलं घर आहे."

"आई, मी कंपनीचा विक्रीप्रमुख. मला मरायला फुरसत नाही. सुराजू येईल."

सुराजूला कामं दोन होती. आईच्या भिंतीवर हे, आणि लेक्कीतल्या कंपनीच्या नव्या वसाहतीच्या नमुन्याच्या घरावर 'घर विकणे आहे. आजच या!'

शनिवारी उद्घाटन. कडक इस्त्रीचा पायघोळ आग्बादा सावरत, खरेदीदारांचा घोळका घेऊन लानरे पोचला आणि जागीच थिजला. नव्याकोऱ्या भिंतीवर लालभडक अक्षरं : 'हे घर विकायचे नाही. भामट्यांपासून सावधान!'

सगळे भिंतीकडे बघत होते, मग लानरेकडे बघू लागले.

कापडाच्या बड्या व्यापारी ओबियागेलीबाई मात्र खूश झाल्या. "मला हेच द्या! मालकाला इतकं जपावंसं वाटतं, म्हणजे घर अस्सल आहे. आणि ती अक्षरं पुसू नका हं, मलाही लागणारच आहेत."

लानरेचा जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच. हे इथे, तर मग ते दुसरं कुठे? त्याने फोन लावला.

"सुराजू, गाढवा, हे काय केलंस?"

"ओगा, तुम्ही घाईत उलटं सांगितलंत. नवं घर विकून जुनं कोण ठेवतं? मी आपलं दुरुस्त केलं. आभार राहू द्या."

लानरे गाडीकडे धावला. पुलावरच्या गर्दीत त्याने ड्रायव्हरला, सुराजूला आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. मुशिनला पोचतो तर दारात चार गाड्या. ओसरीवर अनोळखी माणसं आईच्या हातचं मॉईन-मॉईन चापत बसलेली, आणि एक ढेरपोट्या गृहस्थ टेप लावून स्वयंपाकघर मोजतोय!

"आई! सही केलीस कुठे?"

"आधी पाया पड."

विक्रीप्रमुख आग्बाद्यासकट अंगणात पालथे झाले.

"आता सांग, घर विकलंस?"

"छे रे! म्हटलं, माझा मुलगा घरं विकण्यात मोठा हुशार आहे, तो आला की त्याच्याशीच बोला. मला ठाऊक होतं, आज तू येणार." तिने त्याच्या पुढ्यात ताट सरकवलं. "खा. किती वाळलायस!"

पाहुण्यांना हात जोडून वाटेला लावेपर्यंत संध्याकाळ झाली. लानरेने अंगणातला चुन्याचा डबा उचलला आणि तो भिंतीवरच्या 'घर विकणे आहे'कडे निघाला.

"राहू दे रे ते," आई म्हणाली. "पुढच्या शनिवारी येऊन पूस."